दोन हजारांवर एक

मी मोजणारी बाई आहे. तीस वर्षं सरकारी गोदामात मोजायचंच काम केलं आणि ते चोख केलं. हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. हाताने केलेल्या वस्तू सरकारसाठी खरेदी करणारं आमचं एक छोटं ऑफिस होतं, उज्जैनला, फ्रीगंजच्या एका गल्लीत. पुढे टेबलं, मागे गोदाम. आलेला माल मोजायचा, रजिस्टरमध्ये चढवायचा. गेलेला माल मोजायचा, तोही चढवायचा. माझ्या रजिस्टरमध्ये तीस वर्षांत खाडाखोड नाही. ऑडिटवाले दरवर्षी यायचे, चहा प्यायचे, माझी पानं उलटायचे आणि काही न बोलता पुढच्या टेबलाकडे सरकायचे. त्याचा मला गर्व होता, आणि अजून आहे.

घरी मात्र माझ्याहून कडक हिशेबी माणूस बसलेला होता. माझे सासरे, बँकेतून रिटायर झालेले. नवरा रेल्वेत, त्याची ड्यूटी रतलामला. मुलगा शिकायला पुण्याला. त्यामुळे माधव नगरच्या घरात सकाळी आम्ही दोघंच असायचो, मी, बाबा आणि मधे पेपर. बाबांना देशाच्या कर्जाचं वेड होतं. सरकारवर किती कर्ज आहे हे पेपरात कुठे छापून आलं, की ते पेन्सिल घेऊन त्याला लोकसंख्येने भागायचे आणि पोह्यांची प्लेट माझ्या हातून घेता घेता सांगायचे, "सूनबाई, आज तुझ्या डोक्यावर इतके." आमचा मुलगा जन्मला तेव्हा दवाखान्यात पाळण्यावर वाकून त्यांनी आधी त्याच्या डोक्यावरचे सांगितले आणि मग पेढे आणायला गेले. माझी आई तिथेच उभी होती. तिने त्यांना त्याबद्दल आजवर माफ केलेलं नाही.

मी त्यांना म्हणायची, "बाबा, त्या कर्जातून दवाखाने पण होतात, रस्ते पण होतात. माझा पगार पण त्यातच कुठेतरी आहे. सगळं फालतूच खर्च होत नाही न."

"फालतू मी कुठे म्हणतो? मी म्हणतो, ऋण काढून सण करू नये."

हा वाद आमच्याकडे वर्षानुवर्षं चालला. दोघांनाही तो आवडायचा, म्हणून मिटवायची घाई कोणालाच नव्हती.

मग काही वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, शेजारच्या एका छोट्या देशात भूकंप झाला. गावंच्या गावं पडली. आपल्या सरकारने मदत पाठवायचं ठरवलं, तंबू, औषधं, धान्य. त्यात वर कोणाच्या तरी डोक्यात आलं, की अंथरायला-पांघरायला चादरी द्यायच्याच आहेत तर त्या आपल्या कारागिरांकडूनच घ्याव्यात. तिकडे चादर जाईल, इकडे हाताला काम मिळेल. आमच्या ऑफिसात आदेश आला. दोन हजार सुती चादरी, भैरवगढची छपाई, मार्चच्या मध्यापर्यंत गाठी बांधून रवाना. मंजुरी आठ दिवसांत आली.

खरं सांगायचं तर माझं टाळकं सरकलं. आमच्या गोदामाचं छत गळत होतं. पत्रे बदलून द्या म्हणून दोन वर्षं मी अर्ज करत होते आणि दर पावसाळ्यात टब मांडून माल राखत होते. त्या पत्र्यांना पैसे नव्हते आणि परक्या देशाच्या चादरींना आठ दिवसांत होते. संध्याकाळी घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं, आणि त्यांना तर आयतंच सापडलं.

"बघ! मी काय म्हणत होतो? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. हे लोक तर अंथरूणच उचलून देऊन राहिले."

त्या दिवशी मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एका बाजूला होतो, आणि जेवण एकदम बेचव झालं.

ऑर्डर ज्या कारखान्याला मिळाली तो शहराच्या टोकाला, भैरवगढमधल्याच एका बाईंचा होता. पासष्टीच्या आसपासच्या, बारीक चणीच्या, आवाज मात्र अख्ख्या अंगणाला पुरेल असा. सगळे त्यांना खाला म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची. त्यांच्याकडे मेणाची छपाई चालायची. कापडावर गरम मेणाने नक्षी काढायची, कापड रंगात बुडवायचं, मग उकळत्या पाण्यात घालून मेण काढायचं. जिथे मेण होतं तिथे रंग चढत नाही, आणि नक्षी उघडी पडते. अंगणात मोठमोठ्या कढया, तीस-पस्तीस माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बाया. मेणाचा वास घरी येईपर्यंत साडीला असायचा.

मी आदेश वाचून दाखवला. दर किती, मुदत कधी, पैसे मार्च संपायच्या आत. खालांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ये जाएँगी किधर? दिल्ली के किसी रेस्ट हाउस में?"

"नहीं खाला, बाहर के मुल्क में. वहाँ ज़लज़ला आया है न. सरकार दान में दे रही है."

"बेचेगी नहीं?"

"नहीं. भेंट है."

खालांनी मान हलवली आणि कढईखालची आच बघायला गेल्या. माझ्या त्या एका शब्दाने पुढे काय होणार आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. भेंट म्हटलं की आपल्या माणसांचे हात कसे चालतात हे मला खरं तर ठाऊक असायला हवं होतं. मी स्वतः आजवर लग्नामुंजीचं पाकीट शून्यावर दिलेलं नाही.

खालांनी कापड आणि मेण उधारीवर उचललं. एवढी मोठी ऑर्डर त्यांच्याकडे प्रथमच आली होती. रमजान चालू होता. दिवसभर उपास करून त्या बाया उकळत्या कढयांपाशी उभ्या राहायच्या. ईद मार्चअखेरीच्या तोंडावर होती आणि सगळ्यांची मजुरी या बिलातून निघायची होती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बिल मार्च संपायच्या आत निघालं नाही तर मंजूर पैसे परत जातात आणि नव्या वर्षात पुन्हा मागायला लागतात, हेही माहीत होतं. नव्या वर्षात म्हणजे कधी, ते कोणालाच सांगता येत नाही.

मुदतीच्या एक दिवस आधी टेम्पो आला. पन्नास-पन्नासच्या चाळीस थप्प्या. मी प्रत्येक चादर उलगडून बघितली, हाताने चोळून रंग उतरतो का बघितला. एकही परत करावी लागली नाही. आमच्याकडे शंभरात पाच-सात परत जाणं ही रीतच होती, आणि इथे दोन हजारांत एक नाही. शेवटची थप्पी मोजून मी हात झटकले, तर खालांनी कापडी पिशवीतून आणखी एक चादर काढून थप्पीवर ठेवली.

"ये क्या?"

"ये मेरी तरफ से. दो हज़ार तो सरकार के हुए. ये ऊपर का एक."

"खाला, ऑर्डर दो हज़ार का है. मैं एक ज़्यादा नहीं ले सकती."

"तो ज़ीरो पे भेजोगे? किसी का घर गिरा है और हम गिन के ज़ीरो पे देंगे? शगुन का एक तो लगता है न, मैडम जी!"

मी ती चादर उलगडली. बाकीच्यांसारखीच नक्षी होती, पण कडेचा वेल बारीक, रंग सगळीकडे सारखा, मेणाला गेलेल्या तड्यांतून रंग शिरून उमटलेल्या रेषा केसासारख्या. मागून एका बाईने सांगितलं, की खालांनी स्वतः बसून केलीये. त्यांची नजर कमी झाल्यापासून चार वर्षं त्या कामाला बसल्या नव्हत्या. मी चादर पुन्हा घडी केली. परत न्या म्हणायला माझं तोंड उघडेना. चाळिसाव्या गाठीत एक्कावन्न बांधल्या.

आणि मग मी माझी चूक केली. शहाण्या माणसाने रजिस्टरमध्ये दोन हजार लिहिलं असतं आणि जास्तीची एक गाठीत गेली ती गेली. ऑर्डर दोन हजार, बिल दोन हजार, पावती दोन हजार. कोणी विचारणार नव्हतं. पण माझ्या गोदामात आलेली वस्तू माझ्या रजिस्टरमध्ये नाही, असं कधी झालं नव्हतं. मी लिहिलं, प्राप्त नग २००१. खाली सही केली. रवाना नग २००१. पुन्हा सही केली. ट्रक दिल्लीला गेला आणि मी त्या रात्री छान झोपले.

चार दिवसांनी लेखापालांनी बिल माझ्या टेबलावर आणून टाकलं. आमचे लेखापाल वयाने माझ्याहून लहान, पण नियमांच्या बाबतीत जन्मजात म्हातारे.

"मैडम, ऑर्डर दो हज़ार का, आपकी पावती दो हज़ार एक की. ये एक कहाँ से आया?"

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "फ्री में दे दिया? मतलब देना परवडता है. मतलब रेट में गुंजाइश थी. अब तो रेट की भी जाँच बनती है."

मला आधी हसू आलं आणि लगेच कानशिलं तापली. दोन हजारांत एक खराब न देणाऱ्या बाईने वर एक चांगली दिली, तर ती चोर! पण त्यांनी बिलावर आक्षेप लिहिला होता, आणि आक्षेप लिहिलेलं बिल पुढे जात नाही. मार्च संपायला दहा दिवस होते.

मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना कुठलीही गोष्ट पाच मिनिटांत संपवायची असायची. त्यांनी माझं रजिस्टर उघडलं, एक्क्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मैडम, इसको गोल कर दीजिए. दोनों जगह. बाजू में छोटी सही. झंझट खत्म."

एक रेघ गोल करायची, बस. मी म्हटलं, "सर, चादर गई है. गाँठ में इक्यावन हैं. लिखूँ कैसे कि नहीं गई?"

"तो फिर आप जानें, और आपकी खाला जानें," ते म्हणाले आणि पुढची फाइल उघडली.

भैरवगढला जाऊन हे सांगायचं काम माझंच होतं. खालांना आधी काय अडलंय तेच कळेना. कळल्यावर त्यांनी कढईखालचं एक लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "मेरा एक काट दो, मैडम जी. मुझे कौन सा नाम चाहिए. इन लड़कियों की मजूरी निकलवा दो, ईद है." कढईपाशी उभ्या बाया आमच्याकडे बघत होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, की नक्की कुठल्या दिवशी मिळतील ते सांगा, म्हणजे मुलांचे कपडे शिवायला टाकायचे की नाही ते ठरवता येईल. मी स्कूटी वळवली.

खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर पुढ्यात घेऊन पेन उघडलं होतं. तीस वर्षांची अक्कड माझी होती, पण उपाशी राहून काम केलेले हात दुसऱ्यांचे होते. माझ्या बिनखाडाखोडीच्या रजिस्टरच्या कौतुकापायी त्यांची ईद घालवायचा मला काय हक्क होता? आणि तरी हात चालेना. तो एक्का गोल केला, की त्या चादरीचा जगात कुठे पत्ता राहणार नव्हता. तिकडे कोणी गाठ सोडून मोजली असती तर आमच्याच चुकीत ती धरली गेली असती. अर्ध्या तासाने मी पेन बंद केलं आणि स्वतःला पंचवीस तारखेची मुदत दिली. तोवर वाट निघाली नाही तर गोल करायचं आणि आयुष्यभर चूप बसायचं.

घरी बाबांना सांगायची मला लाज वाटत होती, कारण ते काय म्हणणार ते मला पाठ होतं. पण जेवताना त्यांनीच विचारलं, की तीन दिवस झाले, भाजीत मीठ नाही, काय झालं? मग मी सगळं सांगितलं. चादरीचं, आक्षेपाचं, रेटच्या चौकशीचं.

बाबांनी हातातली पोळी ताटात ठेवली. "काय म्हणाला तो? देणं परवडतं म्हणजे चोरी?"

"हो."

"मूर्ख आहे तो!" बाबा असं ओरडले, की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. "अगं, तुझ्या लग्नाच्या वेळी माझ्यावर सोसायटीचं कर्ज होतं, घराचं कर्ज होतं. तरी कोणाच्या पाकिटात वरचा एक रुपया टाकायचा मी राहिलो का? तो रुपया काय मी बँकेतून ढापला होता?"

मी म्हटलं, "बाबा, पण तुम्ही तर म्हणता ऋण काढून..."

"ते सरकारचं! सरकारशी माझं भांडण आहे, ते राहीलच. ही बाई वेगळी." ते उठले, हात धुतले आणि परत येऊन बसले. आता ते सासरे नव्हते, बँकेत चेक पास करणारे पासिंग ऑफिसर होते. "सूनबाई, कॅशिअरकडे संध्याकाळी पैसे कमी निघाले तर त्याच्या खिशातून जातात. आणि जास्ती निघाले तर?"

"तर काय?"

"तर लपवायचे नाहीत. त्यांना वेगळं खातं दाखवायचं आणि जमा करून टाकायचे. जास्ती निघणं हा गुन्हा नाही, त्याचा कागद नसणं हा गुन्हा. तुझ्याकडे दोन हजारांचा कागद आहे, एकाचा नाही. तर एकाचा कागद कर. दोन हजार खरेदीचे, एक दानाचा."

इतकं सोपं होतं ते. मी तीस वर्षं फक्त विकत घेतलेलं मोजलं होतं. आमच्या ऑफिसला कोणी काही दिलंच नव्हतं, त्यामुळे तसा कागद असतो हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाबांनी रात्री बसून हिंदीत अर्ज लिहिला, बँकेच्या त्या वळणदार अक्षरात. मी स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, भूकंपग्रस्तांसाठी हाताने छापलेली एक चादर दिली आहे, तिची किंमत मागणार नाही. सकाळी ते माझ्या स्कूटीवर मागे बसले आणि म्हणाले, "चल, सही मी समोर घेणार."

भैरवगढच्या त्या अंगणात बाबा खुर्चीवर ताठ बसले. खालांनी कागद वाचून घेतला, सही केली. काम झालं होतं, पण बाबांना राहवेना. त्यांनी विचारलंच, "बाई, आप पर कपड़े वाले का उधार, मेम वाले का उधार. फिर ऊपर से दान क्यों दिया?"

'मोम'ला ते गडबडीत 'मेम' म्हणाले हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. खाला म्हणाल्या, "बाबूजी, उधारी तो मेरी साल भर की है. कभी खतम हुई क्या? उनका घर तो अभी गिरा है."

बाबांनी अर्जाची घडी केली, उघडली आणि पुन्हा केली. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच निरुत्तर झालेलं बघितलं, आणि मला त्या म्हाताऱ्या माणसाचं एकदम फार प्रेम आलं. परतताना काळभैरवाच्या वळणावर ते मागून म्हणाले, "तरी पण, देशाची गोष्ट वेगळी असते हं." मी म्हटलं, "असते बाबा."

ऑफिसात कागद बघून लेखापालांचा चेहरा उजळला. त्यांना खालांशी वैर नव्हतं, त्यांना फक्त कागद हवा होता. तो मिळाल्यावर रेटची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. एकच अडलं. दानाच्या नोंदीत किमतीचा रकाना होता आणि तो कोरा चालत नव्हता. दर लिहिला तर ती खरेदी वाटली असती. खाला किंमत लिहू द्यायला तयार नव्हत्या. मी बाबांना फोन लावला.

"एक रुपया लिही," बाबा म्हणाले. "नियमात बसतं. ज्याची किंमत लावता येत नाही, त्याला आम्ही एक रुपया लिहायचो."

मी लिहिलं. दोन हजार नग, खरेदी. एक नग, दान, मूल्य रुपये एक. साहेबांनी सही केली आणि घड्याळ बघितलं. बिल त्याच दिवशी पुढे गेलं, आणि मार्च संपायच्या आत, ईदच्या आधी, खालांच्या खात्यात पैसे पडले. आमच्या गोदामाच्या पत्र्यांचे पैसे मात्र त्या मार्चलाही आले नाहीत, आणि बाबा दुसऱ्या दिवशी पेपर उघडून पुन्हा माझ्या डोक्यावरचे सांगायला लागले. कोणाचं हृदयपरिवर्तन वगैरे झालं नाही. फक्त मदतीची बातमी आली, की त्यावर ते पूर्वीसारखं तुटून पडेनात. चष्मा पुसायचे आणि पुढचं पान उलटायचे.

मी खालांना फोन करून सांगितलं होतं, की पैसे आले का बघा. त्या म्हणाल्या, आले, मजुरी वाटली, कपडे शिवायला गेले. मला वाटलं आता त्या दुवा देतील, आणि मी तयारच होते. पण त्यांनी विचारलं, "और वो चादर पहुँची क्या?"

मी म्हटलं, "खाला, ट्रक तो निकल गया था."

"निकला तो मुझे भी मालूम. पहुँची क्या?"

मी फोन ठेवून रजिस्टरसमोर बसले. तीस वर्षं मी 'प्राप्त' लिहिलं होतं आणि 'रवाना' लिहिलं होतं. पोचलं का, हा रकानाच माझ्या रजिस्टरमध्ये नव्हता. मदत द्यावी की नाही, परवडते की नाही, यावर पेपरात रोज भांडण. मी आणि बाबा घरात भांडत होतो. आक्षेप लिहिणाऱ्याने लिहिला, मिटवणाऱ्याने मिटवला. ज्याच्यासाठी हे सगळं होतं, त्याच्या अंगावर चादर पडली का, हे विचारणारी एक खालाच निघाली. मला स्वतःची चांगलीच शरम वाटली.

साहेब म्हणाले, आपलं काम रवाना करण्यापर्यंत. तरी मी दिल्लीला पत्र लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, ईमेल केला, ज्यांचा नंबर मिळाला त्यांना फोन केले. गोदाम सांभाळणारी बाई उज्जैनहून विचारतेय, की चादरी पोचल्या का; तिकडचे लोक आधी दचकायचे, काही चोरीला गेलं का विचारायचे. मी म्हणायची, काही चोरीला गेलं नाही, फक्त विचारतेय. तीन आठवणपत्रं गेली. दर आठवड्याला खालांचा फोन यायचा, आणि मी म्हणायची, पता कर रही हूँ.

जूनमध्ये एका सकाळी ईमेल आला. दोन ओळींचा, सोबत त्या देशातल्या मदत छावणीची यादी, गावांच्या नावांसकट. मी बोट ठेवून खाली खाली गेले. तंबू, घोंगड्या, औषधांची खोकी, सगळे आकडे शून्यावर संपणारे. मग आमची ओळ. सुती छापील चादरी, वाटल्या, दोन हजार एक. खराब, शून्य. मी ती ओळ पुन्हा मोजल्यासारखी वाचली. एवढ्या मोठ्या देशाने दिलेल्या सगळ्या सामानात वरचा एक फक्त आमच्या उज्जैनचा होता.

मी खालांना फोन लावला. मागे अंगणातली कलकल ऐकू येत होती, पाणी ओतल्याचा आवाज.

"खाला, पहुँच गई."

फोन तसाच हातात धरून त्या अंगणाकडे वळून ओरडल्या, "अरी सुनो, पहुँच गई!" पलीकडे सगळे आवाज थांबले. मग कोणीतरी, बहुतेक त्या कपडे शिवायला टाकणाऱ्या बाईनेच, लांबून विचारलं, "कितनी?"

खालांनी फोन सगळ्यांना ऐकू जावं म्हणून अंगणाकडे उंच धरला असावा, कारण त्या म्हणाल्या, "मैडम जी, तुम ही बोलो. ज़ोर से."

आमच्या ऑफिसात मी कधी आवाज चढवलेला नव्हता. त्या दिवशी उभी राहिले आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पूरी की पूरी. दो हज़ार एक!"